ओल्या रंगावरची पट्टी

गुलाब ओव्हाळ आमच्या साखर कारखान्यात गाड्यांचा वायरमन होता. उमरग्याच्या हमरस्त्यावर ट्रकांची वायरिंग करून त्यानं हात बसवला होता. स्वतः तपासल्याशिवाय तो कुठल्याच गाडीबद्दल बोलत नसे. लोक त्याला तुसडा म्हणत. होताच. मी त्याच वर्कशॉपात फिटर. चौदा वर्षांत त्यानं मला दोनदा चहा पाजला.

बहात्तरच्या दुष्काळात दसऱ्याला गाड्या धुवायला पाणी नव्हतं. चेअरमन आण्णासाहेबांची अॅम्बॅसिडर जुनी. ड्रायव्हर महारुद्रानं तिचं बॉनेट उघडून आतली बाजू रॉकेलनं पुसली, काळा रंग फासला आणि हार घालून पूजा केली. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करणारा सेल्फ फिरेना. नुसतं टक् वाजायचं.

आठवड्यापूर्वीच गुलाबनं त्या गाडीत नवी बॅटरी बसवली होती. महारुद्र सगळ्यांदेखत ओरडला, “ह्यानं नवी बॅटरी इकून जुनी घातलीय! आण्णासाहेब, असली माणसं कामावर ठिवू नका.”

“असली म्हंजी कसली?” गुलाबनं विचारलं.

“तुला ठावं हाय.”

आण्णासाहेब घड्याळ बघत म्हणाले, “गुलाब, मला सोलापूर गाठायचंय. खोट तुझी निघाली तर उद्यापासून येऊ नको.”

गुलाबनं हेडलाइट लावले. लख्ख. सेल्फ मारला. टक् वाजलं, दिवे मंदावले नाहीत.

“बॅटरी मेलेली असती तर दिवे असे जळले असते व्हय?”

मग त्यानं जाड केबलचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह टोकाला आणि दुसरं थेट इंजिनला दाबून धरलं. मला म्हणाला, “मार सेल्फ.” इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी त्यानं सोडवून दाखवली. रंग देताना महारुद्रानं ती काढली होती आणि ओल्या रंगावरच परत आवळली होती. रंगातून करंट जात नाही.

“बसव लवकर, निघू दे,” आण्णासाहेब म्हणाले.

गुलाबनं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि पॉलिश पेपर महारुद्रापुढं धरला. “रंग ह्यानं लावलाय, ह्योच खरवडंल. मला काढायचं तर काढा साहेब. म्या हात लावणार न्हाय.”

आण्णासाहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं आणि महारुद्राला हातानं खूण केली. महारुद्र बॉनेटखाली वाकला.

“अजून काळं दिसतंय. घास.” गुलाबनं दोनदा परत घासायला लावलं.

गाडी सुरू झाली. आण्णासाहेब सोलापूरला गेले. चोरीचं बोलणं कुणी मागं घेतलं नाही, नोकरी तेवढी राहिली. पुढं नऊ वर्षं महारुद्रानं स्वतः बॉनेट उघडून चार माणसं साक्षीला उभी केल्याशिवाय गुलाबनं त्या गाडीला हात लावला नाही.