व्यायामशाळेचं ठेंगणं दार

गवंडीकामात माझ्या हातून किती दारं बसली ते मला सांगता येणार नाही. पण त्यातलं एक असं आहे, की त्या जागेवरून जायची वेळ आली तर मी लांबच्या गल्लीनं जातो. मंगरूळपीरला ती जागा आहे. तिथं आता दुसराच धंदा चालतो, माझं दारही राहिलं नाही. तरी जातो लांबूनच.

शहात्तर साल असेल, एखादं वर्ष इकडेतिकडे. गावातल्या एका जैन शेठजींचं कापसाचं गोदाम रिकामं पडलं होतं. शेठजी नागपूरला नातेवाइकांकडे गेले होते. तिथं त्यांनी फी घेऊन चालणारी एक व्यायामशाळा पाहिली, लोखंडी वजनं, भिंतीला आरसा वगैरे, आणि ते डोक्यात घेऊनच परत आले. मला बोलावलं.

"मिस्त्री, तुमी कुस्त्या खेळलेले मानूस. कोनती चीज कुठी ठेवाची ते तुमालेच समजीन. मले नकाशा नाई पाह्यजे. आज आलेला मानूस उद्या पुन्हा आला पाह्यजे, बस."

मी तिसरी नापास. नकाशा कोणी दिला असता तरी मी तो उलटा धरला असता. पण जागा नुसती पाहून मला कळायचं की भिंत कुठे उभी राहील आणि उजेड कुठे पडेल. याचा मला मोठा गर्व होता. अजूनही आहे थोडा, खोटं कशाला बोलू?

मी शेठजींना एकच सांगितलं, "उस्ताद मी सांगतो तो ठेवा." ते हो म्हणाले.

उस्ताद म्हणजे माझा दोस्त. आम्ही दोघं लहानपणापासून गावाबाहेरच्या नाल्याकाठी कुस्ती खेळलो. तिथं आखाडा म्हणजे नुसता खड्डा आणि वर निंबाचं झाड. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, चार हातांहून जास्त. त्याचं घर बौद्ध. छप्पन साली त्याच्या बापानं शपथ घेतली तेव्हा हा बापाच्या बाजूला उभा होता. तेव्हापासून देवापुढे वाकणं त्यांच्या घरात बंद झालं. आमच्या कुस्तीत ही गोष्ट कधी आली नाही. मी खड्ड्यात उतरताना मारुतीचं नाव घ्यायचो, तो मातीला हात लावून कपाळाला लावायचा. माती त्याचीही होती.

तेव्हा तो दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात होता. पहिलवानाचं अंग आणि निंदणीचं काम. उस्तादी मिळाली तर वावर सुटणार होतं. त्याच्या बायकोनं मला चहा देताना म्हटलंही होतं, "भाऊ, एवढं काम होऊ द्या आता." तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

गोदाम लांबोडकं होतं. पूर्वेला बैलगाडी आत जाईल एवढा दरवाजा, मागे गल्लीकडे गाठी उतरवायचं एक साधं दार. आम्ही दोघांनी पहिल्या दिवशी झाडून काढलं आणि चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आखणी सुरू केली. वजनं कुठे? टोकाला, कारण तिथं दगडी फरशी होती, वजन आपटलं तरी फुटणार नाही. कुस्तीच्या मातीचा हौद मधोमध, कारण वर काचेची कौलं बसवता येत होती. मलखांब मधल्या तुळईखाली. तिथं उंची भरपूर होती.

पण दोन माणसांमध्ये अंतर किती ठेवायचं? मी म्हटलं, "तू उभा राह्य. मुदगल घे अन् फिरव."

तो दोन्ही हातांत लाकडी मुदगल घेऊन उभा राहिला. तो फिरवत गेला आणि मी खाली वाकून, जिथवर ते पोहोचलं तिथं फक्की टाकत गेलो. त्याच्याभोवती पांढरं गोल रिंगण उमटलं. तेवढी जागा एका माणसाची. मग तो जोर काढायला आडवा झाला. टाचेपासून पुढे टेकलेल्या हातापर्यंत मी माप घेतलं. मग फक्कीतच उताणा पडला, हौदाची रुंदी ठरवायला.

"मढं मोजून राह्यला का बे?" तो खालून म्हणाला.

"हालू नको. मढं हालत नसते."

त्याच्या पाठीला सगळा चुना लागला होता. शेठजी नेमके तेव्हाच आले आणि म्हणाले, "हा कोन संगमरवरी देव आनला मिस्त्री, पांढराफट?" आम्ही तिघंही हसलो.

म्हणजे ती सगळी जागा मी त्याच्या अंगावरून मापली. एक दार सोडून.

आमच्या काळ्या मातीच्या मुलखात कुस्तीची लाल माती कुठून आणायची, हेही त्यालाच माहीत होतं. केनवडकडच्या एका टेकडीची माती तो बैलगाडीनं घेऊन आला. चार दिवस चाळली. तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून पायानं तुडवली. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, अशी माती झाली. तो म्हणायचा, "हिले रोज खालीवर करा लागते. एक दिवस सोडला का रुसते, बायकोसारखी."

तो मातीत होता आणि मी पूर्वेच्या भिंतीला लागलो. बैलगाडीचा दरवाजा विटांनी बुजवला आणि मधे साडेतीन हातांची चौकट बसवली. जुन्या तालमींना दार ठेंगणं असतं. माणसानं वाकून आत यावं, मस्ती बाहेर ठेवावी, असं माझे उस्ताद सांगायचे. तेवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं आपण काहीतरी अजून चांगलं करू. दारापासून तीन हातांवर, बरोबर समोर, मी ओटा बांधला आणि त्यावर मारुती बसवायचं ठरवलं. दारापासून ओट्यापर्यंत दोन्ही अंगांना कठडे घेतले आणि आत जायची वाट ओट्याला लागूनच ठेवली. म्हणजे जो येईल तो वाकूनच येईल आणि वाकला की मारुतीच्या पायाशीच वाकेल. न वाकता कोणी आत येऊच शकत नव्हतं. मला या अकलेचा एवढा आनंद झाला, की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

दोस्तानं ते पाहिलं तेव्हा हातापायाला माती तशीच होती. तो चौकटीत उभा राहिला. चौकट त्याच्या हनुवटीशी आली.

"हे थोडं वर घे," तो म्हणाला.

"तालमीचं दार ठेंगनंच असते."

"मंग मारुती बाजूच्या भिंतीले ठेव. ज्याले पाया पडाचं तो पडीन. मले त्याचं काई नाई. पन असं समोर नको."

"काहून?"

"काहून काय? तुले मालूम नाई? मी रोज सकाळी त्याच्या पायाशी वाकून आत येईन, अन् बाहेर उभे लोक पाह्यतीन. मायाच घरी जाऊन सांगतीन. बुढा जित्ता हाय अजून."

तिथं माझे तीन गडी गारा कालवत होते. त्यांच्यासमोर तो माझ्या कामाला नावं ठेवतो, हे मला झोंबलं. तो काय म्हणतो ते मला समजलं नाही असं नाही. समजलं होतं. म्हणूनच लाज वाटते.

मी म्हटलं, "तुयासाठी मी तालमीची रीत बदलू का?"

त्यानं हाताची माती झटकली. मग शांतपणे म्हणाला, "नको बदलू. तुयं दार तुयापाशी. मागचं गाठीचं दार राहू दे. मी तिकून येत जाईन."

इतकं साधं होतं ते. ते दार होतंच. मला तिथं थापीसुद्धा लावायची नव्हती.

पण मी काय केलं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो यायच्या आधी मागचं दार विटांनी बंद करायला घेतलं. कारणही तयार ठेवलं होतं. समोरासमोर दोन दारं असली की वारा आरपार जातो, घामाच्या अंगाला बाधतो. हे खरंही आहे, तालमी बंदिस्तच असतात. पण मी ते वाऱ्यासाठी केलं नव्हतं.

तो आला तेव्हा भिंत छातीपर्यंत आली होती. तो गल्लीत उभा होता, मी आत.

"मांगच्या दारानं कायले येतं?" मी म्हटलं. "चोर हाय का तू? उस्ताद मानूस, समोरून ये."

तो हसला. राग आला असता तर बरं झालं असतं.

"आमच्या लोकायले जिंदगीभर मांगच्याच दारानं घेतलं गावानं," तो म्हणाला. "आज मी सोता मांगून याले तयार झालो, तं तू तेही लिपून राह्यला."

मी वीट उचलली, गारा लावला आणि त्याच्या तोंडासमोर ठेवली. मग दुसरी. भिंत वर गेली आणि तो दिसायचा बंद झाला.

उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. तो धुतलेला सदरा घालून आला. मला वाटलं, आला म्हणजे वाकेल. पोटासाठी माणूस काय करत नाही, असा विचार मी केला. हा विचार मी माझ्या दोस्ताबद्दल केला. तो दाराशी आला, चौकटीवर हात ठेवला, आतल्या हौदाकडे पाहिलं. माती त्यानं आदल्या आठवड्यात मोकळी करून ठेवली होती. मग हात काढला आणि वळून गेला.

शेठजींना दोन दिवसांत कळलं. त्यांनी मला दुकानावर बोलावलं.

"मिस्त्री, ते मांगचं दार फोडून टाका. एका दिवसाचं काम हाय."

"मी बांधलेलं मी फोडत नाई, शेठजी. दुसरा गवंडी पाहा."

"कोनाशी लढून राह्यले तुमी?" शेठजींनी विचारलं.

मी चपला घातल्या आणि निघालो. शेठजी भिडस्त माणूस. माझ्या कामावर दुसरा गवंडी घालणं त्यांना बरं वाटलं नाही. तीही माझ्या अकडीची कमाई.

उस्ताद म्हणून मग मीच चार महिने उभा राहिलो. पोरं वजनं उचलायची, आरशात दंड पाहायची. मातीकडे कोणी जाईना. मी सकाळी फावडं घेऊन ती खालीवर करायचो, पण तिचं अंग मला कळलं नाही. ताक जास्त झालं, मग तेल कमी पडलं. उन्हाळा लागला तशी ती आकसली, तडे गेले, आणि एक दिवस फावडं आपटलं तर विटेवर आपटल्यासारखा आवाज आला. तिच्यावर पडून एका पोराचा खांदा निखळला. त्यानंतर शेठजी म्हणाले, "हौद बुजवा. वरून सिमेंट करा, अजून चार वजनं मावतीन."

तेही काम मीच केलं. दुसऱ्या कोणाला करू द्यायची छाती झाली नाही. गिट्टी टाकण्याआधी मी एका पोत्यात माती भरली आणि खांद्यावर घेऊन त्याच्या घरी गेलो. तो नव्हता. अनसिंगला एका शाळेत शिपाई लागला होता, शनिवारी यायचा. बायकोनं पोतं पाहिलं.

"काय हाय?"

"माती. आखाड्याची. त्याले सांगजा."

"बरं," ती म्हणाली. चहाचं विचारलं नाही. पुढे एकदा त्या बाजूनं जाताना पाहिलं, तिनं ती माती दाराशी टाकून त्यात मिरच्या लावल्या होत्या. चांगल्या आल्या होत्या.

दोन-तीन वर्षांनी त्यानं पक्कं घर बांधलं. गवंडी वाशीमचा आणला. गावात मी होतो, त्याला माहीत होतं की मी फुकट राबलो असतो. त्यानं विचारलं नाही. घर झाल्यावर मी न बोलावता गेलो. रस्ताभर मनात एकच वाक्य घोकत होतो, "मायं चुकलं." दोन शब्द. तिसरी नापास माणसालाही पाठ होतात.

तो दारातच बसला होता. केस पांढरे व्हायला लागले होते. उठून उभा राहिला तर त्याच्या डोक्यावर चौकट चांगली हातभर वर होती.

"ये ना," तो म्हणाला. "आत ये. डोकं लागत नाई."

मी चौकटीकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "उजवी बाजू ओळंब्यात नाई. बोटभर भाईर गेली."

तो चौकटीकडे वळला नाही. माझ्याकडेच पाहत राहिला.

"हाव," तो म्हणाला. "आमाले चालते."

मी उंबऱ्याच्या बाहेरच उभा होतो. मग काम आहे म्हणून निघालो. कोणतंच काम नव्हतं.