मिस्त्रीताईंची मागची सीट

विमान दुरुस्त झालं की पहिल्या फेरीला मिस्त्रीताई मागच्या सीटवर बसतात. ज्यानं नट आवळले त्यानंच आधी जीव टांगून बघायचा, हा त्या छोट्या विमानतळावरच्या वर्कशॉपचा जुना रिवाज. वैमानिक चेष्टा करतात, "ताई, आमच्यावर भरवसा नाही वाटतं?"

ताई पट्टा आवळत म्हणतात, "तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही. चला."

ही गोष्ट जुनी; ताई तेव्हा विशीच्याही नव्हत्या. आईवडील गेल्यावर काकांनी त्यांना आणि धाकट्या भावाला वाढवलं, आणि हँगरमध्ये हाताशी घेऊन काम शिकवलं. उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन बाटलीत काढून बघायचं, हे ताईंचं काम. इंधनात पाणी मिसळलं तर इंजिन बंद पडतं; पाणी जड असतं, ते बाटलीच्या तळाशी वेगळं दिसतं.

मग मालकांनी नवीन इंजिनिअर आणला आणि काकांना बाजूला बसवलं. काका वरवर गप्प होते, पण आतून धुमसत होते.

नव्या माणसानं दुरुस्त केलेलं पहिलं विमान निघायचं होतं. इंधन काकांनीच भरलं. ताई बाटली घेऊन आल्या, तर काका म्हणाले, "बघितलंय मी. तू टायरची हवा बघ."

काकांचा शब्द. ताई टायरकडे वळल्या. काका कँटीनला गेले.

ऐनवेळी इंजिनिअरला मालकांनी ऑफिसात बोलावलं. त्याच्या जागी भाऊ टुणकन मागच्या सीटवर चढला. "निम्मे नट मी आवळलेत. हक्क आहे माझा."

"खाली बघून ओरडू नकोस म्हणजे झालं," ताई म्हणाल्या.

विमान धावपट्टीला लागलं तेव्हा काका कँटीनच्या दारात आले. मागच्या काचेत पुतण्याचं डोकं दिसलं आणि ते हात हलवत धावत सुटले. काकांना असं धावताना ताईंनी कधी पाहिलं नव्हतं. विमान उचललं गेलं, कुंपण ओलांडलं आणि इंजिनाचा आवाज तुटला.

विमान पलीकडच्या खडकाळ नाल्यात नाक खुपसून पडलं. ताई आणि इंजिनिअर पोचले तेव्हा विमान चालवणारे कॅप्टन संपले होते. टाकी फुटून इंधन तापल्या इंजिनाकडे ओघळत होतं. ठिणगी पडली असती तर सगळेच गेले असते. भावाचा पाय सीटखाली चेपला होता. इंजिनिअरनं खांदा लावून सीट उचलून धरली, ताईंनी चाकूनं पट्टा कापला आणि दोघांनी त्याला ओढून लांब नेलं.

मग ताई परत गेल्या. इंजिनिअर ओरडत असताना त्यांनी गळत्या टाकीखाली खिशातली बाटली धरली. तळाशी पाणी स्वच्छ वेगळं दिसलं.

भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत सगळं खापर इंजिनिअरवर फुटू लागलं. घरी काका ताईंसमोर मान खाली घालून बसले.

"पाणी मीच घातलं. वाटलं, इंजिन धावपट्टीवरच बंद पडेल. त्या इंजिनिअरची जिरवायची होती, बस. ओतून टाक ती बाटली."

"कॅप्टनच्या बायकोला काय सांगू?"

"पोराचा पाय गेला. आता काकाही घालवणार का?"

ताई बाटली घेऊन दवाखान्यात गेल्या आणि भावापुढे धरली. तो ती उजेडात फिरवून बराच वेळ बघत राहिला.

"मी बसणार हे काकांना ठाऊक नव्हतं ना?"

"नव्हतं."

"पण कुणीतरी बसणारच होतं," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. "दे नेऊन."

ताईंनी बाटली चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. काका तुरुंगात गेले आणि तिथेच वारले. अंत्यविधी दोघांनीच केला. नातेवाईक फिरकले नाहीत; काहींचा राग काकांवर होता, बऱ्याच जणांचा ताईंवर.

आजही उड्डाणाआधी ताई बाटली भरतात, स्वतः बघतात आणि भावाच्या हातात देतात. तो कुबडी काखेत धरून ती उजेडात फिरवतो आणि मान हलवतो. मगच ताई मागच्या सीटवर चढतात. विमान उतरून चाकं थांबेपर्यंत भाऊ हँगरच्या दारातून हलत नाही, आणि तेवढ्या वेळात त्याच्याशी कुणी बोलत नाही.