घरात माणसं किती

शाळेच्या क्लिनिकमध्ये नर्स म्हणून लागले तेव्हा मला वाटायचं, दुबईपासून तासाभरावरच्या शाळेत आजार ते कसले असणार? खरचटलेले गुडघे आणि गणिताच्या तासाला दुखणारी पोटं. उम्म अल कुवैनच्या आमच्या शाळेत पहिल्याच हिवाळ्यात खरूज निघाली आणि माझा तोरा उतरला.

खरजेचं औषध सोपं आहे, पथ्य अवघड. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत मलम लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. एक जण जरी सुटला तरी खरूज परत येते. म्हणून सगळ्याच पालकांकडून फॉर्म भरून घेतला होता: घरात किती माणसं राहतात? ज्याला खरूज निघेल त्याच्या फॉर्मवर जितका आकडा, तितक्या ट्यूब मी द्यायचे.

दुसरीतल्या एका मुलीच्या फॉर्मवर ‘तीन’ लिहिलेलं होतं. वडील इंडस्ट्रियल एरियात वेल्डर, आई सिंधुदुर्गातली. मी मराठी आहे हे कळल्यावर त्या बाईचा जीव भांड्यात पडला. सिस्टरची मी लगेच ताई झाले. मलम कसं लावायचं ते दोनदा समजावलं, तिने मान डोलावली.

तीन आठवड्यांनी मुलगी पुन्हा माझ्यासमोर. बोटांच्या बेचक्यांत नवे फोड, खाजवून खाजवून पिकलेले. चादरी गरम पाण्यात धुतल्या नसतील म्हणून मी आईला फोनवर चांगलंच झाडलं. माझी जीभ तशी तिखटच. तिने सगळं ऐकून घेतलं. पुन्हा तीन ट्यूब दिल्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा मुलगी हात पुढे करून हळूच म्हणाली, “सिस्टर, द आंटी बिहाइंड द कर्टन ऑल्सो स्क्रॅचेस. बट मम्मा सेड डोन्ट टेल.”

पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. हॉलमध्ये प्लायवूडची पार्टिशनं, एका किचनवर तीन कुटुंबं. असं राहणं इथे बेकायदा; कुणाच्या कानावर गेलं तर सगळ्यांचं सामान रस्त्यावर. मला हे पाठ होतं, कारण मी स्वतः तशाच घरात राहत होते.

मी तिच्या आईला बोलावून घेतलं. “घरात तीनच ना?” असं विचारताना मी रजिस्टरात बघत होते.

“तीनच,” ती म्हणाली.

मला हायसं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते. तिने खरं सांगितलं असतं तर मला ते वर कळवावं लागलं असतं, आणि मग कुणीतरी माझंही घर विचारलं असतं. मागच्या कपाटात ट्यूबचा अख्खा खोका पडून होता. आकडा न विचारता पिशवी भरून दिली असती तर कुणी मला फाशी देणार नव्हतं. मी तीन मोजून दिल्या.

पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिका तिला हाताला धरून घेऊन आली. चेहरा सुजलेला, डोळे जेमतेम उघडत होते. बाथरूममध्ये नेलं तर लघवी कोऱ्या चहासारखी. फोडांमधल्या जंतुसंसर्गाचा परिणाम मूत्रपिंडावर झाला होता. ॲम्ब्युलन्समध्ये तिने माझा हात घट्ट धरला होता, आणि तेव्हाही तिच्या हाताला खाज सुटली होती.

मूत्रपिंड पूर्ववत होईल की नाही ते पुढच्या तपासण्यांत कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती, मनगट खाजवत. मी शेजारी बसले.

“ताई, आम्ही नऊ जण आहोत,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं.”

माझा मुलगा त्याच शाळेत चौथीत होता. आमच्या पडद्यापलीकडे चौघं राहत होते, आणि त्याच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: तीन.