जीवखडा

बायको गेली ती इथेच, अमेरिकेत, शुगर लँडला, मुलाच्या घरी. आमच्याकडे चितेभोवती पाण्याचं मडकं घेऊन फिरतात. त्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तो जीवखडा. गेलेलं माणूस दहा दिवस त्यात असतं. रोज पाणी घालायचं, दहाव्याला नदीत सोडायचं, की ते सुटलं.

इथे बटण दाबून दहन. भटजी म्हणाले, "काका, अंगणातला कुठलाही खडा चालेल." अंगणात नुसती हिरवळ. मी मुलाच्या टेबलावरचा एक काळा खडा उचलला, तिच्या पायाला लावला आणि खिशात टाकला.

मुलगा कोलोरॅडोत दगडातून तेल काढायच्या कामावर आहे. डोंगर फोडायचा, दगड भट्टीत तापवायचा, तेल निघतं. ती त्याला चिडवायची, "त्या तेलात एकदा भजी तळून दाखव." मी चौथी शिकलेला, जन्म तेलाच्या घाण्यावर गेला. वाटायचं, पोरगं आपल्याच धंद्यात आलं.

अग्नी देऊन तो चौथ्या दिवशी साइटवर गेला. पाणी मीच घालत होतो. दहाव्याला तो आला, आम्ही नदीवर गेलो. मी खडा बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली आणि त्याने माझा हात धरला.

"बाबा, हा माझ्या टेबलावरचा?"

"तुझ्याकडे ढीग आहेत."

"हा भाजलेला आहे, तेल काढून उरलेला. पाण्यात टाकू नका. यातून विषारी क्षार उतरतात."

"एवढ्याशा खड्यातून?"

"थोडे. पण उतरतात."

"आणि तिथे असे किती पडलेत?"

"डोंगर आहे, बाबा. झिरपू नये म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरलंय."

"माझ्या घाण्याची पेंड म्हशी खायच्या. तुझ्या पेंडीला नदीसुद्धा चालत नाही."

"दुसरा खडा शोधू या ना."

"दहा दिवस पाणी याच्यावर घातलं. ती याच्यात आहे. दुसऱ्यात कोण आहे?"

तो रडायला लागला. आई गेली तेव्हा रडला नव्हता. मला टाकता आला असता, त्याने हात सोडला होता. पण खालच्या अंगाला लोक मासे धरत होते. मी रुमालाला गाठ मारली.

ती सुटली नाही. मुलगा पुन्हा साइटवर गेला. खडा माझ्या खोलीत ताटलीत आहे, मी अजून सकाळी पाणी घालतो. ते पाणी झाडाला घालायचा धीर होत नाही. सिंकमध्ये ओततो. तिथून ते कुठे जातं, हे मी मुलाला विचारलेलं नाही.