सात नंबर खाटेचं कृपादान

पाय वजनाला बांधलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे आमच्या योसेफमामांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून बाजाची पेटी घेऊन ते नेमके हाडांच्या वॉर्डात यायचे. मामा हॉस्पिटलचे कंपाउंडर. औषधाचा थेंब कधी चुकला नाही, आणि सूर कधी बरोबर लागला नाही. त्या दिवशी मामांनी भजन सुरू केलं तशी सात नंबरच्या गौरव्वांनी पदर कानावर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बघ एस्तेर, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं," मामा खुशीत म्हणाले.

"आलंच असेल. आता पुरुषांच्या वॉर्डात जा की मामा," मी म्हणाले.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका मिशन हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स होते. आमच्या चर्चच्या मंडळीला नवे पाळकसाहेब आले होते. रविवारी त्यांनी उपदेश केला, की देव प्रत्येकाला काही ना काही कृपादान देतो. कुणाला गाणं, कुणाला शिकवणं, कुणाला दुःखितांचं सांत्वन. ते जवळ ठेवायचं नसतं, दुसऱ्याच्या सेवेला लावायचं असतं. उपदेश चांगलाच होता. घोळ मॅट्रनबाईंनी घातला. जन्मभर त्यांनी ड्यूटी लिस्ट लावलेल्या, त्यामुळे सोमवारी सकाळी नोटीस बोर्डावर कृपादानांचीही ड्यूटी लिस्ट लागली. गायन, योसेफ, सकाळी दहा. सांत्वन, सिस्टर एस्तेर, दुपारी तीन ते चार.

माझ्या आईनं ते वाचलं असतं तर हसून हसून तिची मुरकुंडी वळली असती. मला भांडता फार छान येतं. सांत्वन कधी जमलेलं नाही.

"बाई, मला दुसरं काहीतरी द्या," मी मॅट्रनबाईंना म्हणाले.

"दुसरं शिल्लक नाही. आणि भांडण यादीत नसतं," त्या म्हणाल्या.

तर माझ्या वाट्याला आल्या गौरव्वा. मैंदर्गीच्या, साठी उलटलेल्या. गोठ्यात घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. त्या काळी याला उपाय म्हणजे ट्रॅक्शन. पायाला दोरी बांधायची, ती खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडायची आणि तिला वजन लटकवायचं. पाय ताणलेला राहतो, हाड सरळ जुळतं. पण त्याला दहा-बारा आठवडे लागतात. मध्येच सोडलं तर म्हातारं माणूस कायमचं अंथरुणाला खिळतं.

गौरव्वा चार दिवस धड जेवल्या नव्हत्या. दूध पुढे केलं की "बेडा". भाकरी पुढे केली की "बेडा". बेडा म्हणजे कानडीत नको. मराठी त्यांना उत्तम येत होतं, पण आमच्याशी बोलायची इच्छा नव्हती. त्यांचा मुलगा शिवप्पा हवालदिल झाला होता.

"हितं उपाशी मरन्यापरीस घरी न्हेतो, शिस्टरबाई. शनवारी जीप आनतो," तो म्हणाला.

डॉक्टरसाहेब भडकले. "सही करून घेऊन जा. नंतर पाय वाकडा झाला म्हणून येऊ नका." शिवप्पा मान खाली घालून उभा राहिला. सही तो करणार हे दिसतच होतं.

मी लिस्टप्रमाणे तीन दिवस सांत्वन केलं. आवाज मऊ करून म्हणायचे, "देव बरं करील हं, आजी." उत्तर यायचं, "बेडा." देव नको की मी नको, ते काही कळलं नाही.

गुरुवारी ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला, ड्रम रिकामे आहेत. ड्रम म्हणजे पत्र्याचे गोल डबे. जखमेवर ठेवायच्या गॉजच्या घड्या आणि कापसाचे गोळे त्यांत भरून वाफेवर निर्जंतुक करतात. ह्या घड्या सगळ्या नर्सनी दुपारी फावल्या वेळात घालायच्या, असा रिवाज होता. त्या आठवड्यात फावला वेळ कृपादानांत गेला होता.

"उद्या दोन ऑपरेशनं आहेत! घड्या का घातल्या नाहीत?" मॅट्रनबाई कडाडल्या.

"लिस्टमध्ये नव्हत्या," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गॉजचा गठ्ठा उचलून थेट सात नंबरपाशी स्टूल टाकलं. सांत्वनाची वेळही झालीच होती. सांत्वन मी सोडून दिलं आणि रागारागानं घड्या घालू लागले.

"सुतं भाईर लोंबत्यात की."

मी वर बघितलं. गौरव्वा माझ्या हातांकडे बघत होत्या.

"असं घडी घालत्यात व्हय? कडा आत घे."

त्यांचं बरोबर होतं. कापलेली कड आत घ्यायची असते, नाहीतर सुटं सूत जखमेत राहतं. पण ऐकून घेईन ती मी कसली?

"येतंय तर तुम्हीच घाला की! पाय बांधलाय, हात नाही बांधले!"

पेशंटवर ओरडायचं नसतं, हे मला ओरडून झाल्यावर आठवलं.

"दे हिकडं," गौरव्वा म्हणाल्या.

देवापुढच्या वाती वळण्यात जन्म गेलेली बोटं ती. पाच वाजेपर्यंत त्यांच्या पोटावर घड्यांची चळत उभी राहिली, एकही सूत बाहेर नाही. मग त्यांनी चहा मागितला. चहानंतर भाकरी. भाकरी कडक नाही, मऊ आहे म्हणून आयाला शिव्याही घातल्या. मला इतका आनंद झाला की मी आयालाच मिठी मारली.

शुक्रवारी सकाळी दहाला मामा पेटी घेऊन आले.

"गानं ऱ्हाऊ दे," गौरव्वांनी गॉजचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "हे धर. ताठ धर."

मामा तासभर टोक धरून उभे राहिले. वॉर्डानं त्या दिवशी मनापासून देवाचे आभार मानले.

शनिवारी शिवप्पा जीप घेऊन हजर झाला. सहीचा कागद टेबलावर तयार होता.

"चल अव्वा, घरी जाऊ."

"आन हे कोन बगनार?" गौरव्वांनी गॉजच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "ह्या पोरींला कडा आत घेता येत न्हाईत. कुनाच्या जखमंत सूत ऱ्हायलं म्हंजी? तू जा. म्हशीला येळंवर पानी दाव."

शिवप्पानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले आणि दुसरीकडे तोंड केलं, कारण मला रडू येत होतं. डॉक्टरसाहेबांनी कागद खिशात घातला.

अकरा आठवड्यांनी त्यांच्या पायाचं वजन काढलं. आणखी काही दिवसांनी गौरव्वा काठी टेकत स्वतःच्या पायांनी जीपपर्यंत गेल्या. जाताना घड्या कशा घालायच्या ते मॅट्रनबाईंना पुन्हा एकदा दाखवून गेल्या.

कृपादानांच्या यादीत आम्ही सगळी आमचीच नावं लिहिली होती. खाटेवरच्यांना विचारायला कुणी गेलंच नव्हतं. पुढे मी रिटायर होईपर्यंत नवा पेशंट आला की नाव, गाव, वय लिहून घ्यायचे आणि मग विचारायचे, "हातांना काय काय येतं?" बरेच जण आधी म्हणायचे, "काय न्हाय." मी पेन तसंच धरून थांबायचे.