अशोकची चौकट

भूतबित काही नसतं, असते ती प्रोग्राममधली न सापडलेली चूक... हे मी ऑफिसात इतक्यांदा बोललोय, की आज हे लिहायला बसताना माझं मलाच कसंतरी वाटतंय. पण घडलं ते घडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरच्या धरमपेठेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस — मी आणि अशोक. तेव्हा स्क्रीनवरचा मेनू, चौकटी, सगळं स्वतःच बनवावं लागे. अशोकने त्यांचा एक तयार संच लिहून ठेवला होता, नव्या प्रोग्रामला तोच जोडायचा. गडी जरीपटक्याचा, बोलणं अस्सल नागपुरी. कुठलंही काम कायमचं बंद करण्याआधी त्याची चौकट इंग्रजी अक्षरांत विचारायची — 'काहून घाई करून राहिला गा?' म्हणजे, कशाला घाई करतोस रे? खाली हो किंवा नाही, 'हो' दाबलं तरच काम बंद. गिऱ्हाइकं हसायची, काही चिडायची.

मग स्कूटरच्या अपघातात अशोक गेला. कन्हानकडच्या एका कोळसा खाणीचं काम तेव्हा अर्धवट होतं. तिथल्या साहेबांना ती चौकट म्हणजे चेष्टा वाटली, म्हणून मी ती काढून टाकली. काढताना फार वाईट वाटलं.

फ्लॉप्या घेऊन मी खाणीवर प्रोग्राम चढवायला गेलो. खाली उतरणारा प्रत्येक कामगार खिडकीवरून पितळी बिल्ला नेई, वर आला की परत देई. सगळे बिल्ले जमा झाले की कॉम्प्युटरवर पाळी बंद करायची, आणि तसा कागद छापून निघाला की खाली सुरुंग उडवायचे.

दुपारी पाळी सुटली. खिडकीवरच्या रामटेके बाबूंनी बिल्ले जमा करून नोंदवले. अशोक गेल्यापासून दोघांचं काम मी एकटा ओढत होतो... कधी एकदा घरी जाऊन पडतो असं झालं होतं. पाळी बंद करायची कळ दाबली.

चौकट आली. काहून घाई करून राहिला गा?

"हे काय विचारून राहिलं साहेब?" बाबू म्हणाले.

बोट सवयीने 'हो'कडे चाललं होतं, ते मागे घेतलं.

"बाबूजी, सगळे वर आले ना?"

"आले न. बिल्ले हायेत नं इथं."

"बिल्ले राहू द्या. माणसं पाहिली का?"

रांग नको म्हणून अख्ख्या टोळीचे बिल्ले एकानेच खिडकीत टाकायची तिथे पद्धत होती. बाबूंनी बाहेर जाऊन विचारलं. एक जण इकडेतिकडे बघत म्हणाला, "सुखदेव कुठी हाय गा? मांगून येतो म्हणे, बिल्ला माह्यापाशी देल्ला त्यानं."

मी 'नाही' दाबलं. माणसं परत खाली धावली. सुखदेव खालीच चक्कर येऊन पडला होता, सुरुंगाच्या जागेजवळ. वर आणला तेव्हा पाणी मागत होता. मी तिथेच बाकावर बसून रडलो.

नंतर फ्लॉप्या, मशीन, प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. जुना संच चुकून जोडला गेला म्हणाल — तेही पाहिलं. ते वाक्य कुठेच नव्हतं. कितीदा चालवून पाहिलं, चौकट काही आली नाही.

अशोकच्या आईला सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुले एकट्याले झेपत नसन बाबा... म्हणून आला असन."

मला आजही यातलं काही कळलेलं नाही, आणि शोधायचं त्राणही उरलं नाही. ती चौकट मात्र मी प्रत्येक प्रोग्राममध्ये परत घातली. गिऱ्हाईक चिडलं तर चिडो.