फुलाबाईंची आगबोट

राहात्यात गोऱ्या फुलाबाईंचं घर कुणालाही विचारावं. पेरूची गाडी लावणारा माणूससुद्धा तराजू खाली ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला येतो. बाई आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. जन्माने त्या फ्लोरा गिलमोर, गाव ग्लासगो, देश स्कॉटलंड. पण एवढंच ऐकून आलेला माणूस हमखास गडबडतो. दारात त्याला भेटते ती सुती पातळ नेसलेली, चष्मा कपाळावर ढकललेली एक म्हातारी, आणि ती विचारते, "कुनाकडचा रं तू? बस, च्या टाकते."

त्यांचे वडील ग्लासगोत उसाचे चरक बनवणाऱ्या कंपनीत फिटर होते. राहात्याजवळच्या एका खासगी साखर कारखान्याने नवा चरक मागवला, आणि तो बसवून पुढे सांभाळणारा माणूसही मागितला. सत्तेचाळीस सालची गोष्ट. लढाई संपली तरी ग्लासगोत कोळसा मिळत नव्हता, लोणी रेशनवर होतं आणि आभाळ बाराही महिने गळत होतं. गिलमोरसाहेबांनी बायको, सात वर्षांची फ्लोरा आणि चार वर्षांचा डंकन यांना आगबोटीत घातलं आणि मुंबईचं बंदर गाठलं. इथले झाडून सारे साहेब सामान बांधून परत निघालेले, आणि हे कुटुंब उलट्या दिशेने येत होतं. मुंबईहून आगगाडीने पुणतांबा, पुणतांब्याहून बैलगाडी. "आमी आन् चरकाच्या लोखंडी लाटा एकाच बोटीनं आलो," फुलाबाई सांगतात. "लाटा कवाच भंगारात गेल्या. मी हाय अजून."

डंकन नऊ वर्षांचा झाल्यावर शाळेसाठी त्याला आत्याकडे स्कॉटलंडला धाडलं. फ्लोरा राहिली आणि पुढे कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या हेमचंद्र गर्ग्यांच्या प्रेमात पडली. दोन्ही घरांनी चार-सहा महिने तोंडं फिरवली, मग पुन्हा सरळ केली. हेमचंद्रांचे वडील शाळामास्तर. त्यांनी फ्लोराचा अर्थ नीट विचारून घेतला आणि लग्नात तांदळाच्या ताटात 'फुला' लिहायला लावलं. आईवडील कालांतराने मायदेशी परतले आणि तिथेच गेले. हेमचंद्रही आता नाहीत. फुलाबाईंचा संसार मात्र सुखाचा झाला, यात वाद नाही, त्यांनाच विचारलं तर त्या म्हणतात, "लई ग्वाड झाला."

आता मुद्द्याचं. कारखान्याच्या वसाहतीत फुलाबाईंनी तीसेक वर्षं बालवाडी चालवली. दुपारी खाऊ झाला की पोरांना सतरंजीवर आडवं करायचं आणि आगबोटीची गोष्ट सांगायची. जिब्राल्टरपासून बोटीच्या मागे एक देवमासा लागला, कारण बोटीवर गाय होती आणि त्याला दुधाची चटक लागली. सुएझच्या कालव्यात कप्तानाला शिंकांची उबळ आली आणि त्याने बोटीचं चाक फ्लोराच्या हाती दिलं. आचाऱ्याची टोपी वाऱ्याने उडाली आणि पोहत पोहत बोटीच्या आधी मुंबईला पोहोचली. तालुक्यातले निम्मे बापे लहानपणी या गोष्टीवर झोपलेत. आज त्यांची टक्कलं पडली, तरी बाजारात बाई दिसल्या की विचारतात, "काय बाई, देवमासा बरा हाय ना?"

बालवाडीत मदतनीस होती भागिरथी. दोघींची घरं आता समोरासमोर आहेत आणि भागिरथीबाईंनी त्या गोष्टीवर करडी नजर ठेवलेली आहे. "बाई, मागल्या टायमाला देवमासा योकच हुता. आज त्याची बायकू कुटून आली?" असं त्या भर सभेत विचारतात. फुलाबाई न डगमगता म्हणतात, "आगं, ती पान्याखाली हुती. दिसली न्हाई आधी."

आणि खरं काय होतं? खरं म्हणजे पाणी. सगळीकडे पाणी, रंगाचा वास, आईचं ओकणं आणि पुन्हा पाणी. चाकाला फ्लोराने बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे सगळं आपण कधी आणि कशापायी रचलं, ते फुलाबाईंना आठवत नव्हतं. आपल्याला मिरवायची हौस, दुसरं काय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून टाकली होती. पण इतकी वर्षं 'माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' म्हणून सांगितलेलं. आता माघार घ्यायला तोंड उरलं नव्हतं.

अशात गेल्या दिवाळीच्या तोंडावर डंकनचा फोन आला. दर रविवारी यायचाच. गुडघे, पाऊस आणि डंकनची मांजर एवढ्यावर संपायचा. या वेळी तो म्हणाला, "मी येतोय. डॉक्टरने हो म्हटलंय, पुन्हा म्हणेल याची खात्री नाही." सत्तर-बहात्तर वर्षांनी भाऊ येणार. फुलाबाई फोन हातात धरून रडल्या, आणि समोरच्या दारात जाऊन भागिरथीबाईंना सांगून आल्या. इथेच फसल्या.

"मंजे त्यो बी बोटीत हुता की!" भागिरथीबाई म्हणाल्या. "आता समदं कळंल आमाला. भाऊबीजेला बालवाडीची समदी पोरं गोळा करते. त्याच्याच तोंडून ऐकू."

फुलाबाई तशाच माघारी फिरल्या. डंकन म्हणजे साधा माणूस नव्हे. त्याने आयुष्यभर पूल तपासले. दुसऱ्याची चूक काढणं हाच त्याचा धंदा. फोनवर 'काल पाऊस पडला' म्हटलं तर 'परवा म्हणाली होतीस' असं सांगणारा. दुभाषेपण आपल्याकडे घ्यावं तर नात देवश्री पुण्याहून सुट्टीला आलेली, ती आजीपेक्षा झरझर इंग्रजी बोलते. आधीच त्याला गाठून सगळं कबूल करावं, असं फुलाबाईंनी ठरवलं. पण मुलगा सुहास मामाला मुंबईहून घेऊन आला तो भाऊबीजेच्या सकाळी, अंगण माणसांनी भरलं होतं तेव्हा.

गाडीतून एक उंच, वाकलेला, गुलाबी म्हातारा उतरला. बहिणीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पानी." नऊ वर्षांचा असताना नेलेल्या मराठीतला तेवढाच शब्द त्याच्याकडे शिल्लक होता. फुलाबाईंनी त्याला पाणी दिलं. मग दोघं एकमेकांना धरून जी उभी राहिली ती सुहासने पाट मांडला तरी सुटेनात.

ओवाळणं झालं. सुपारी आणि अंगठी आपल्या तोंडाभोवती का फिरवतात, हे डंकनने बारकाईने विचारून घेतलं. करंजी हातात घेतली. अंगणात टक्कल पडलेली, पोटं सुटलेली बालवाडी मांडी घालून बसली होती. भागिरथीबाईंनी पदर खोचला.

"देवश्री, इच्यार तुज्या आजोबास्नी. बोटीच्या मागं देवमासा हुता का न्हाई?"

फुलाबाईंनी मान खाली घातली. आता हसतील, म्हणजे प्रेमानेच हसतील, हे त्यांना ठाऊक होतं. पण ज्या पोरांना आपण 'खोटं बोलू नये' शिकवलं त्यांच्यासमोर नाक कापलं जाणार, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. देवश्रीने इंग्रजीत विचारलं. डंकनने करंजी ताटलीत ठेवली आणि सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"होता तर," देवश्री त्याचं बोलणं मराठीत सांगू लागली. "जिब्राल्टरपासून. गाईच्या दुधासाठी. गाय तपकिरी होती, एका शिंगाची, आणि रविवारी दूध देत नसे, म्हणून रविवारी देवमासा रुसायचा."

अंगणात एकच हशा पिकला. एक शिंग आणि रविवार हे कुणीच ऐकलेलं नव्हतं, फुलाबाईंनीही नाही. डंकन शांतपणे पुढे गेला. कप्तानाच्या शिंका, कालवा, चाक, फ्लोराने बोट वळवताना काठावर घाबरलेला उंट. मंडळी खूश होऊन माना डोलवत होती. भागिरथीबाईंनी हात टेकले. "खरं हाय म्हनायचं मंग," त्या म्हणाल्या. "आन् टोपी?"

"एडनपर्यंतचं मला माहीत आहे," डंकन म्हणाला. "पुढचं तिला विचारा."

"आसं कसं? योकाच बोटीत हुते ना दोघं?"

पण तेवढ्यात चहा आला आणि विषय उडाला.

जेवणं उरकून माणसं पांगली तेव्हा भाऊबहीण ओसरीवर दोघंच उरली. फुलाबाईंनी इंग्रजीत विचारलं, "माझ्यासाठी इतकं खोटं बोललास?"

"खोटं?" डंकनला प्रश्नच कळला नाही. "मला जेवढं आठवतं तेवढंच सांगितलं."

"अरे, कसली गाय आणि कसला देवमासा!"

"तुला खरंच आठवत नाही?" डंकनने विचारलं. "बोट सुटली आणि मला गोवर निघाला. बोटीवरच्या दवाखान्यात ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. आईला येऊ देत, तुला नाही. तू दाराबाहेर बसायचीस आणि फटीतून सांगायचीस बाहेर काय चाललंय ते. एडनला पट्टी सुटली. तोवर मी समुद्र पाहिलाच नव्हता, फ्लोरा. मी पाहिली ती तुझी बोट. माझ्या पोरांना, नातवंडांना तीच सांगितली."

फुलाबाईंना एकदम फिनाइलसारखा तो उग्र वास आला, मांडीखालची थंड लोखंडी जमीन लागली. दाराच्या फटीला तोंड लावून बसलेली ती मुलगी त्यांना दिसली. रोज सांगण्यासारखं समुद्रात असतं तरी काय? नुसतं पाणी. पाणी सांगून आजारी पोराचं मन कसं रमणार?

"तुला ते खरं वाटायचं?" त्यांनी विचारलं.

"छे. दूध पिणारा देवमासा? चार वर्षांचा होतो, पण वेडा नव्हतो." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. आम्ही अंधारात बोलायचो. एका सकाळी मी हाक मारली, तर तो नव्हता. कुणी काही सांगेना. त्या दिवशी तू देवमासा आणलास. तो खोटा आहे म्हणालो असतो तर दुसऱ्या दिवशी तू आली नसतीस, अशी मला भीती वाटली. म्हणून बोललो नाही. नंतर आयुष्यभर नाही बोललो."

फुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं. मिरवायची हौस म्हणून जिला इतकी वर्षं नावं ठेवली, ती पोरगी मिरवत नव्हतीच. कुणीतरी दाराच्या आत जिवंत राहावं म्हणून बोलत होती.

"पण एडनला मला बाहेर काढलं आणि तू सांगायची थांबलीस," डंकन म्हणाला. आवाजात जुनी तक्रार होती. "मी बरा झालो होतो, म्हणून विचारायची लाज वाटली. पुढे काय झालं?"

फुलाबाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. पुढचं त्यांच्यापाशी भरपूर होतं. तीस वर्षांच्या दुपारचं साठलेलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, ती मराठीत. इंग्रजीत ही गोष्ट त्यांनी एडननंतर कुणाला सांगितलीच नव्हती. दोन-तीन वाक्यांनंतर आपली चूक त्यांच्या लक्षात आली आणि त्या थांबल्या. डंकनने डोळे मिटून घेतले होते. त्याने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि चालू दे अशी खूण केली.